दारातली चोरी आणि समोरचा कॅमेरा

पहाटे पाच वीसला यांनी किल्ली फिरवली आणि आमची मारुती इको गाडी अशी काही गरजली की आख्खी गल्ली जागी झाली. मी आत चपात्या फडक्यात गुंडाळत होते. वाटलं, कुणाचा ट्रॅक्टर दारात आला. बाहेर आले तोवर यांनी गाडी बंद केली होती. मोबाईलच्या उजेडात खाली वाकून बघितलं आणि तसेच ओल्या फरशीवर बसले. "सायलेन्सर नेला," एवढंच म्हणाले.

आम्ही सांगलीत राहतो. बारा वर्षं डब्यांचा व्यवसाय आहे. रोज सत्तरएक डबे मिरजेला जातात, आणि त्यातले बहुतेक दवाखान्यात ॲडमिट असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांचे. मिरजेला उपचारासाठी कुठून कुठून माणसं येतात हे इकडच्या लोकांना सांगायला नको. बेळगाव, विजापूर, सोलापूर, कोकण. पेशंट आत, आणि बाहेर व्हरांड्यात बसलेली आई किंवा बायको आमच्या डब्याची वाट बघत असते. त्या दिवशी यांनी दोन रिक्षा करून डबे पोचवले, पण दीड तास उशीर झालाच. एका आजींचा फोन आला. रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "बाळा, तुमच्याकडं काय झालं का?" तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

सायलेन्सरच का नेतात, हे मलाही त्या दिवशीच कळलं. मिस्त्रीने समजावून सांगितलं. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत धूर स्वच्छ करणारा एक भाग असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. प्रमाण अगदी थोडं, पण धातू फार महागडे. चोर जाळी फोडून तिचा चुरा करतात आणि तो चुरा विकतात. इको जमिनीपासून उंच आहे, माणूस सहज खाली सरकतो आणि पान्याने बोल्ट सोडवतो. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये गेली काही वर्षं नेमक्या याच गाडीचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या जातायत. आम्हाला बातम्या माहीत होत्या. आपल्या फाटकाच्या आत, पोर्चमध्ये लावलेल्या गाडीचं असं होईल हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

नवीन सायलेन्सरचा आकडा मिस्त्रीने सांगितला तो साठ हजारांच्या घरात. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यात आपल्या चोरीचे पैसे मिळत नाहीत. एका डब्यामागे आमच्या हातात वीस रुपये सुटतात. साठ हजार म्हणजे तीन हजार डबे. सहा आठवडे आम्ही दोघांनी फुकट राबायचं.

पैशांपेक्षा मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. रात्री पाऊस होता. फरशी ओली होती, म्हणून चोरांनी आमच्या दारातलं पायपुसणं ओढून पाठीखाली घेतलं होतं. सकाळी ते गाडीखाली चिखलात सापडलं. म्हणजे ते माझ्या उंबऱ्यापर्यंत आले होते. दाराच्या आत हातभर अंतरावर, हॉलमध्ये, माझ्या सासूबाई झोपल्या होत्या. ते पायपुसणं मी धुतलं नाही, टाकून दिलं. तेव्हापासून रात्री फाटकाची कडी वाजली की मी उठून बसते. सासूबाईंना तर आम्ही आतल्या खोलीत हलवलं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

आमच्या समोर एक काका राहतात. वय अडुसष्ट, सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांच्या गॅलरीत मागच्या दिवाळीत मुलाने कॅमेरा बसवला. तो बरोबर आमच्या फाटकाकडे बघतो. चोर कुठून आले, किती होते, गाडी कुठली होती, हे सगळं त्यात असणार हे कुणालाही कळेल. मी सकाळी सात वाजताच त्यांच्याकडे गेले. काकांनी चहा दिला, वाईट वाटलं म्हणाले. फुटेजचं विचारल्यावर म्हणाले, "त्यातलं मला काही कळत नाही गं. पासवर्ड मुलाकडं आहे. तो पुण्याहून आला की बघू."

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन लावून द्या म्हटलं, तर तो मीटिंगमध्ये असेल म्हणाले. तिसऱ्या दिवशी काकूंनी दार उघडलं, काका झोपलेत म्हणाल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते. चौथ्या दिवशी काका फाटकातच भेटले आणि स्पष्ट बोलले. "हे बघ, तुझं नुकसान झालं, मला कळतंय. पण मला त्यात ओढू नकोस."

हे तेच काका आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, ते दिवस सांगलीतला कुणीही विसरणार नाही. आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. काकांनी स्वतः पाण्यात उतरून सासूबाईंना धरून आपल्या वरच्या मजल्यावर नेलं. चार दिवस आम्ही सहा माणसं त्यांच्याकडे होतो. वीज नाही, प्यायला पाणी नाही, आणि त्यांनी घरातलं शेवटचं दूध माझ्या पोराला दिलं. त्या माणसाला मी भित्रा म्हणू शकत नाही. स्वार्थी तर मुळीच म्हणणार नाही.

मग मला कोडं पडलं. पुरात जीव धोक्यात घालणारा माणूस एक पेन ड्राइव्ह द्यायला का घाबरतो?

उत्तर काकूंनी दिलं, गुरुवारी देवळातून येताना. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी काका एका मारामारीच्या केसमध्ये साक्षीदार होते. रस्त्यात डोळ्यांसमोर झालं, खरं ते सांगितलं. त्यापायी पाच वर्षं तारखांना जावं लागलं. रजा संपल्या, बिनपगारी खाडे झाले. कोर्टाबाहेर दिवसभर उभं राहायचं आणि चार वाजता कळायचं की आज वकील आले नाहीत. शेवटी उलटतपासणीत वकिलाने सगळ्यांदेखत विचारलं, तुम्ही दारू पिता का. ज्या माणसाने आयुष्यात सुपारी खाल्ली नाही त्याला. काकू म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, पुन्हा कधी काही बघितलं तरी बघितलं नाही म्हणायचं."

पुराला वकील नसतो, तारीख नसते. तिथे मदत केली की केली, संपलं. चोरीत मदत केली की ती तिथे संपत नाही, हे काकांना माहीत आहे, कारण ते त्यातून गेलेत.

हे ऐकल्यावर माझा राग निम्मा झाला. पूर्ण गेला नाही, आणि का गेला नाही तेही सांगते.

पोलिसांचंही लिहायला हवं. तक्रार द्यायला गेलो तेव्हा आधी साधा अर्ज लिहून द्या म्हणाले. गुन्हा नोंदवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांना मी समोरचा कॅमेरा दाखवला. ते म्हणाले, "ताई, तुम्हीच शेजाऱ्यांकडून पेन ड्राइव्हवर घेऊन या की." तिथेच सगळं बिघडलं. पुरावा गोळा करणं माझं काम झालं, आणि नकार देणं काकांना सोपं झालं. शेजारणीला बघू म्हणता येतं. पोलीस तपासाचा नवा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता; तिच्या कलम ९४ नुसार ठाण्याचे प्रभारी अधिकारी असा डिजिटल पुरावा लेखी आदेशाने मागू शकतात. तो कागद दुसऱ्या दिवशी काकांच्या हातात पडला असता, तर त्यांनाही बरं वाटलं असतं असं मला खरंच वाटतं. मग ते म्हणू शकले असते की मी आपणहून यात पडलो नाही, मागितलं म्हणून दिलं. साध्या माणसाला कधी कधी एवढाच आधार लागतो.

नवव्या दिवशी काकांचा मुलगा आला. चांगला मुलगा आहे, स्वतः आमच्याकडे आला, मला बोलावून डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, उघडून दाखवला. त्यात मागच्या सात दिवसांचंच रेकॉर्डिंग होतं. हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवं बसतं. आमच्या रात्रीच्या जागी आता मांजर, दूधवाला आणि पाऊस होता. तो मुलगा मान खाली घालून उभा होता. काका आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

माझा राग निम्मा का राहिला, ते हे. काकांनी मनात ठरवलं असेल की आपण काही करायचं नाही, म्हणजे आपण कुणाच्या बाजूने नाही. पण त्यांनी काही केलं नाही तरी डीव्हीआर आपलं काम करतच होता, रोज एक दिवस पुसत होता. त्या सात दिवसांतलं प्रत्येक "बघू" चोरांच्या पथ्यावर पडलं.

आणि मग चोरीनंतर पंधराव्या रात्री दोन गल्ल्या सोडून आणखी एका इकोचा सायलेन्सर गेला. ती शाळेची मुलं ने-आण करणाऱ्या एका माणसाची गाडी. चौदा मुलं. गाडीवर अजून कर्ज आहे. त्याच टोळीने केलं असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही. पण त्याच्या बायकोने मला विचारलं, "तुमच्या समोर तर कॅमेरा होता ना ताई?" मी काय सांगणार होते?

या सगळ्यात मी थोडं वाचलं, एका ओळखीच्या वकीलताईंना विचारलं. काकांसारख्या सगळ्यांसाठी इथे लिहिते, कारण मला हे दहा दिवस आधी माहीत असतं तर मी काकांशी वेगळं बोलले असते.

साठ वर्षांवरच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या बाईला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात यायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. नव्या संहितेचं कलम १७९ ते सांगतं. जबाब घ्यायचा तर त्यांनी घरी यायचं. जुन्या कायद्यात ही मर्यादा पासष्ट होती. काका दोन्हींत बसतात. त्यांना बाकड्यावर कुणी तासन्‌तास बसवणार नव्हतं.

फुटेज कोर्टात टिकायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ प्रमाणे. त्यावर ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याची सही लागते. म्हणजे काकांची किंवा त्यांच्या मुलाची. इथे मी खोटा दिलासा देणार नाही. पुढे खटला उभा राहिला तर बोलावणं येऊ शकतं. आता साक्ष व्हिडिओवरूनही घेता येईल अशी तरतूद कायद्यात आहे. ती आपल्या तालुक्याच्या कोर्टात रोज वापरली गेली, तर काकांसारख्या माणसांची भीती निम्म्याने कमी होईल.

अपघातात जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलंय. आधी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याबाबतच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या, मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. चोरीचं फुटेज देणाऱ्या शेजाऱ्याचा असाच विचार का होत नाही? फुटेज देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवता येणार नाही हे मला कळतं. पण त्याला सन्मानाने वागवणं, त्याच्या घरी जाऊन घेणं, तारीख पुढे गेली तर आदल्या दिवशी फोन करणं, याला कुठला कायदा लागतो?

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हे मांडलं तेव्हा दोघांनी विचारलं, तुम्ही स्वतः कॅमेरा का लावला नाही. बरोबर आहे, लावायला हवा होता. आता लावलाय. सायलेन्सरभोवती लोखंडी जाळीही वेल्ड करून घेतली. पण माझा कॅमेरा समोरच्या घराकडे बघतो आणि समोरचा माझ्या घराकडे. आपल्या गल्ल्या अशाच आहेत, स्वतःचं फाटक स्वतःच्या कॅमेऱ्यात नीट येतच नाही. ज्याच्याकडे चोरी झाली त्याचा पुरावा दुसऱ्याच्याच घरात असणार. म्हणून मी ग्रुपवर एक यादी सुरू केली. घर नंबर, कॅमेरा कुठे बघतो, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, पासवर्ड कुणाकडे. चौतीस घरांपैकी अकरा जणांनी भरली. एकाच्या घरी रेकॉर्डिंग तीन दिवसच राहतं हे त्यालाही तेव्हाच कळलं. काकांची ओळ रिकामी आहे.

काल संध्याकाळी कपडे काढायला गच्चीत गेले होते. सहज समोर बघितलं. काकांच्या गॅलरीतला कॅमेरा फिरवलाय. आधी त्यात आमचं फाटक यायचं. आता फक्त त्यांचं स्वतःचं दार दिसतं.

उद्या काकूंचा उपवास आहे. त्यांना मी दर महिन्याला साबुदाण्याची खिचडी पाठवते, उद्याही पाठवणार, पण या वेळी डबा घेऊन मी स्वतः जाणार आहे. काकांना सांगणार आहे की कॅमेरा पुन्हा आमच्याकडे वळवा. कधी काही मागायची वेळ आली तर पोलीस तुमच्या घरी येतील, मी तुमच्या शेजारी बसेन, आणि कोर्टाची तारीख लागली तर आमच्याच इकोतून तुम्हाला नेऊन आणू.