गॅस जातो कुठे?

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो तेवढा सोडला, तर तो त्याच बंद मार्गावर फेऱ्या मारत राहतो. म्हणजे कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे, हे उघड आहे. नागपुरातल्या एकाही मिस्त्रीला हे अमान्य नाही. तरीही मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना गरम हवेची तक्रार घेऊन जावे, तर सल्ला ठरलेला असतो : "गॅस भरून घ्या ना भाऊ." भरलेला गॅस जेमतेम काही दिवस टिकतो आणि नेमका नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या रणरणत्या नऊ दिवसांच्या, तोंडावर निघून जातो.

शेजारच्या काकांनी गाडीखालचे ओले दाखवून "हाच तुमचा गॅस" असे निदान केले. ते पाणी कूलिंग कॉइलवर हवेतले बाष्प जमून ठिबकते आणि आर-१३४ए, म्हणजे एसीतला हा गॅस, उणे २६ अंशांनाच उकळत असल्यामुळे वर्धा रोडच्या डांबरावर त्याचे थेंब दिसणे अशक्य आहे, हे मी सविस्तर समजावले. काका "तरी पण" म्हणाले.

अखेर गळती शोधून देणारे एक मिस्त्री भेटले. त्यांनी आधी पंप लावून नळ्यांतली हवा ओढली. काटा तासभर हलला नाही आणि गाडी निर्दोष ठरली. वास्तविक या चाचणीत बाहेरच्या हवेचा दाब आत ढकलत असतो, तर चालत्या एसीत त्याच्या कितीतरी पट दाब आतून बाहेर रेटत असतो; तेव्हा या परीक्षेत उत्तीर्ण झालेली गाडी रस्त्यावर नापास होऊ शकते.

मग गॅस भरून त्याचा वास घेणारे यंत्र आले. गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचे टोक नळ्यांच्या खालून फिरवायचे असते आणि आजूबाजूला वारा अजिबात नको असतो. म्हणजेच गॅरेजमधला एकुलता एक कूलर बंद करणे आले. तो बंद होताच पोरांनी पाने खाली ठेवून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती पाहता मी यंत्राच्या शिट्टीसाठी देवाची प्रार्थना केली. यंत्र कंडेन्सरपाशी गप्प राहिले, कॉम्प्रेसरपाशी गप्प राहिले. "आता डॅशबोर्ड खोलावा लागेल जी," असे म्हणताना मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मला उगाचच तेज दिसले. तेवढ्यात एका पोराने, बहुधा कूलरच्या ओढीने, गॅस भरण्याच्या वॉल्व्हचे झाकण काढून त्यावर साबणाचे पाणी सोडले. तिथे एक बुडबुडा संथपणे फुगला, फुटला आणि लगेच दुसरा फुगू लागला.

आतली पिन तर्री-पोह्यांच्या प्लेटइतक्या किमतीची निघाली. आजवर प्रत्येकाने याच तोंडातून गॅस भरला होता, याकडे मी मिस्त्रींचे लक्ष वेधले. पोराला कूलर लावण्याची खूण करत ते शांतपणे म्हणाले, "भरताना तर बरोबर होता जी."