मागचा डिफरन्शिअल म्हणे ‘नुसता काढायचा आणि लावायचा’!

‘अहो, दुपारभराचं काम आहे. जुना काढायचा, दुसरा लावायचा.’ फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा मागचा डिफरन्शिअल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा संच) घरी बदलायचा म्हटलं की हे वाक्य ऐकू येतंच, आणि ते ऐकलं की डोकं फिरतं. काढणं-लावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. गाडी अडकते ती आधी न जुळवलेल्या, न मोजलेल्या, न तपासलेल्या गोष्टींमुळे, आणि त्या कोणी सांगत नाही. व्हिडिओ बघावा तर गाडी लिफ्टवर, खाली गंजाचा ठिपका नाही, बोल्ट आधीच ढिले करून ठेवलेले. जमिनीवर पाठ टेकून, नाकावर माती पडत असताना काम करणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

पहिला राग फिलर प्लगवर. जुनं ऑइल काढण्याआधी नवं ऑइल भरायचा प्लग सुटतो का हे बघायचं, हा या कामातला पहिला नियम, आणि तोच सांगायचा राहतो. माणूस उत्साहात खालचा ड्रेन प्लग सोडतो, ऑइल वाहून जातं, मग वरच्या प्लगला हात घालतो आणि तो जागचा हलत नाही. आता गाडी ऑइलविना उभी. बाहेर नेता येत नाही, आत भरता येत नाही. बैल गेला आणि झोपा केला!

आणि हा प्लग बनवणाऱ्यांनी काय विचार केला असेल? कुठे २४ मिलिमीटरचा षटकोनी, कुठे १० मिलिमीटरची ॲलन की, कुठे अर्ध्या इंचाचा चौकोनी खाच. वर्षानुवर्षं चिखल आणि पाणी खाऊन त्या खाचेत गंजाचा थर बसलेला असतो. की पूर्ण खोल जातच नाही, नुसती टोकावर धरते, आणि जोर लावला की कडा गोल होतात. आधी ती खाच खिळ्यानं, तारेच्या ब्रशनं तळापर्यंत साफ करावी लागते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. बारा कोनांची गोटी (सॉकेट) वापरायची नाही, सहा कोनांचीच. गोटी किंवा की बसवल्यावर तिच्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्यायचे, म्हणजे आट्यांमधला गंज तडकतो. मग आधी किंचित आवळायचा आणि नंतर लांब दांड्यानं सोडायचा. तरीही कडा गेल्याच, तर प्लगच्या डोक्यावर नट वेल्ड करण्यावाचून इलाज राहत नाही. प्लगसमोर बरोबर क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा दांडा) किंवा सायलेन्सरचा पाइप आलेला असतो, त्यामुळे दांडा फिरवायला जागा मिळते ती जेमतेम आठवा भाग. दोन इंच बाजूला भोक पाडलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

दुसरी गोष्ट जिवावरची आहे, आणि ती न सांगणाऱ्यांवर सगळ्यात जास्त संताप येतो. गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवली म्हणजे ती हलणार नाही, असं गृहीत धरून लोक खाली शिरतात. पार्ट-टाइम फोर-व्हील (गरजेपुरतीच चारही चाकं चालवणारी) गाडी टू-व्हीलमध्ये असेल तर गिअरबॉक्स तिला फक्त मागच्या प्रोपेलर शाफ्टमधून (डिफरन्शिअलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्यातून) धरून ठेवतो. तो शाफ्ट सुटला की ती पकड गेली. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर, आणि ड्रम तर आपणच उतरवणार. म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, असे चार ठोकळे हवेत. जमीन सपाट आणि कठीण हवी. स्टँड चेसिसच्या रेल्सखाली लावायचे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही म्हणजे नाही.

आता रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या. इथे लोकांचे खरे हाल होतात. दुसरा डिफरन्शिअल ‘त्याच मॉडेलचा आहे’ एवढ्यावर विकला जातो आणि घेतलाही जातो. एकाच मॉडेलमध्ये ३.७३, ४.१० किंवा ४.५६ असे वेगवेगळे रेशो असू शकतात. गिअरबॉक्स वेगळा, इंजिन वेगळं किंवा टायर वेगळे असले की रेशो बदलतो. बाहेरून हाउसिंग (आवरण) हुबेहूब सारखं. क्राऊनचे (आतल्या मोठ्या चक्राचे) दात बऱ्याचदा तिन्हीत ४१च असतात, फरक असतो पिनियनमध्ये (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरमध्ये): ११ दात असले की ३.७३, १० असले की ४.१०, ९ असले की ४.५६. मागच्या डिफरन्शिअलमध्ये ४.१० आणि पुढच्यात ३.७३ बसला, तर दोन्ही शाफ्टच्या वेगात जवळपास १० टक्क्यांची तफावत पडते. टू-व्हीलमध्ये गाडी नीट पळते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. फोर-व्हील टाकलं की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) दोन्ही शाफ्ट एकत्र बांधतो, ती तफावत जायला जागा नसते, आणि ती टायर घासून किंवा ट्रान्सफर केसची चेन आणि गिअर तोडूनच बाहेर पडते. कायम फोर-व्हील चालणाऱ्या गाडीत मधला डिफरन्शिअल न थांबता फिरत राहतो, तापतो, आणि जातो.

हे टाळायला लागतात पाच मिनिटं! गाडी न्यूट्रलमध्ये, ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये, पुढची चाकं ठोकळ्यांनी पक्की. साधा डिफरन्शिअल (एकच चाक घसरत फिरू न देणारा ‘लिमिटेड स्लिप’ नव्हे) असेल तर मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजा. चार फेऱ्या आणि वर थोडं असेल तर ४.१०, पावणेचारच्या जरा अलीकडे थांबला तर ३.७३. काढून ठेवलेल्या युनिटमध्ये तर क्राऊनच्या कडेवर दातांचे आकडे बऱ्याचदा ठोकलेलेच असतात. विकणाऱ्यानं हे स्वतः बघून सांगायला नको? हाउसिंगवरची पत्र्याची टॅग कधीच गळून गेलेली असते, आणि असली तरी आतला गिअर कोणी बदलला नसेल याची खात्री ती देत नाही.

जुनं युनिट घेताना आणखी काय बघायचं? ॲक्सलच्या स्प्लाइनचे (टोकावरच्या उभ्या खाचांचे) दात मोजायचे. फ्लँजच्या (जोडणीच्या चकतीच्या) भोकांचं अंतर जुन्याशी ताडून बघायचं. एबीएसची दातेरी रिंग तिथे असेल तर ती शाबूत आहे का ते बघायचं. पिनियनची फ्लँज वर-खाली हलवायची. किंचितही हलली तर पिनियनचे बेअरिंग गेले. आतले लोखंडी कण धरणाऱ्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लगदा असला तर चालतं, पण बोटाला टोचणारे कण सापडले तर ते युनिट तिथेच सोडून यायचं.

आणि ‘क्राऊन-पिनियनच बदला ना, स्वस्त पडेल’ हा सल्ला बंद झाला पाहिजे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं बनवतात. एकाचा क्राऊन, दुसऱ्याचा पिनियन असं चालत नाही. जोडी नवी घातली तरी पिनियनची खोली शिमनं (पातळ चकत्यांनी) जमवावी लागते, बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) डायल गेजवर मोजावा लागतो, तो बहुतेक गाड्यांत ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास, आणि दातांवर रंग लावून संपर्काचा ठसा बघावा लागतो. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) चेपणाऱ्या स्लीव्हवर असेल तर नट २०० न्यूटन-मीटरच्या कितीतरी वर ओढावा लागतो, आणि एक घास जास्त आवळला की स्लीव्ह फुकट. नट मागे घेऊन चालत नाही, नवीच स्लीव्ह लागते. डायल गेज नाही, प्रीलोड मोजायचं साधन नाही, आणि ‘हाताला अंदाज येतो’ म्हणतात! ०.१३ मिलिमीटरचा अंदाज हाताला येत नाही. घरी करायचं तर आधीच जुळवलेलं पूर्ण युनिट घ्या, एवढं स्पष्ट सांगायला काय जातं?

ॲक्सल काढण्याची पद्धतही गाडीगणिक वेगळी. सी-क्लिपवाल्या (ॲक्सल आतून क्लिपनं अडकवलेल्या) हाउसिंगमध्ये मागचं झाकण काढून आतली क्रॉस पिन सोडवावी लागते, आणि तिला धरणारा लॉक बोल्ट बारीक असतो, वर कारखान्यातून आट्यांना चिकटद्रव्य लावलेलं. थंड असतानाच झटका दिला की डोकं तुटतं. आधी ऑइल पुसून ब्रेक क्लीनर मारा, तो पूर्ण उडून जाऊ द्या, मगच हीट गननं गरम करा. परत लावताना नवा बोल्ट. बाहेरून फ्लँजला नट असलेल्या प्रकारात ॲक्सल सरकत्या हातोड्यानं ओढून काढावा लागतो. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल आधी मोकळी करायची.

पुढून निघणारं युनिट असेल तर त्याचं वजन ३० ते ४५ किलोच्या घरात असतं. ते छातीवर तोलत उतरवायचं नसतं. खाली ट्रान्समिशन जॅक किंवा पट्ट्यानं बांधलेला ट्रॉली जॅक हवा आणि जोडीला दुसरा माणूस. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खुणा करायच्या, नाहीतर बॅलन्स जातो आणि गाडी वेगात थरथरते. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या वाट्यांना टेप गुंडाळायची, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या सुया मातीत.

सील आणि ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारी वाट) हे दोन विषय तर कोणी तोंडानंही काढत नाही. ॲक्सल परत घालताना त्याचं वजन हातावर तोलायचं. स्प्लाइन सीलच्या ओठावरून घासली की ओठ कापला जातो, आणि दोन दिवसांनी ऑइल ब्रेक शूजवर. एकदा ऑइल प्यायलेले शूज धुऊन उपयोग नाही, बदलावेच लागतात. ब्रीदर चिखलानं बंद असेल तर तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही, आत दाब वाढतो आणि नवं सीलसुद्धा गळतं. मग लोक सीलवर सील बदलत बसतात. ब्रीदरची नळी फुंकून बघायला दहा सेकंद लागतात.

ऑइल जीएल-५ प्रतीचंच हवं. बहुतेक मागच्या डिफरन्शिअलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, दात एकमेकांवर फिरता फिरता घसरतात, आणि जीएल-४ तो दाब सहन करत नाही. क्लचवाला लिमिटेड स्लिप असेल तर त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर (ऑइलमध्ये घालायचं, क्लचचं घर्षण जमवणारं द्रव्य) विसरलं की वळणावर मागून कडकड सुरू. गाडी सपाट ठेवून भोकाच्या काठावरून सांडेपर्यंत भरायचं, ऑइल ॲक्सलच्या नळ्यांमध्ये पसरेपर्यंत थांबायचं आणि परत बघायचं. झाकणाच्या सिलिकॉनला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. लगेच ऑइल भरलं की ते ओल्या सिलिकॉनमधून वाट काढतंच.

एवढं सगळं झाल्यावर गाडी बाहेर काढावी आणि घूं-घूं आवाज तसाच यावा, कारण मुळात गेलेला होता तो चाकाचा बेअरिंग! निदान न करता सरळ ‘डिफरन्शिअल गेला’ सांगणाऱ्यांना काय म्हणावं? ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना आवाजाचा सूर बदलतो का बघा. बदलत असेल तर क्राऊन-पिनियनवर संशय. फक्त वळणावर येत असेल तर आतले छोटे गिअर. पायाचा काही संबंध नाही, पण सरळ रस्त्यावर डावीकडे-उजवीकडे भार टाकला की कमी-जास्त होतो, तर चाकाचा बेअरिंग. गिअर टाकताना एकच ‘ठक्’ येत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हातानं हलवून बघा. त्यातला एक ढिला सापडला तर हाउसिंगला हात लावायचं कारणच उरत नाही.