भजनी मंडळ म्हणालात, तर डबलबारी म्हणा

गुरुजी, नमस्कार.

मुंबईच्या चाळी-नाक्यांवर लिहिणारे कादंबरीकार भाऊ पाध्ये यांची पुस्तकं आम्ही काही वाचक वाचनालयात जमून वाचतो, जुन्या प्रती जपतो. त्याबद्दल मी लिहिलं, त्यावर बाकीच्यांनी 'छान' म्हणून हात झटकले. तुम्ही शेवटपर्यंत वाचून भांडलात, म्हणून हे उत्तरही लांबणार आहे. इतरांच्या माहितीसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात देतो. ज्या लेखकाने प्रतिष्ठेला लाथ मारली त्याचं आम्ही भजनी मंडळ काढलंय. झेरॉक्स काढून वाटणं ही चोरी आहे. आणि मुंबईच्या नाक्यावरच्या टपोरी पोरांची शिवराळ भाषा कुडाळ-मालवणच्या मुलामुलींपुढे वाचून काय साधतं, "कोकणात लेखक मेले होते काय?"

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तेच जास्त झोंबलं.

भाऊंचं 'वासूनाका' हे पुस्तक १९६५ साली आलं आणि अश्लील म्हणून झोडपलं गेलं. पण त्यात गोष्ट सांगणारा पोक्या आणि त्याची टोळी ज्या चाळींतून नाक्यावर येऊन उभी राहते, तसल्या चाळींत आपल्याकडच्या घरटी एकाने तरी दिवस काढलेत. गावकरी मंडळाच्या खोलीत वळकटीला वळकटी लावून झोपायचं, खानावळीत जेवायचं, गणपतीला गावी यायचं. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यांतले कितीतरी कायमचेच परतले. आमच्यात फिरणारी 'वासूनाका'ची सर्वांत जुनी प्रत अशाच एका माणसाच्या ट्रंकेत होती. त्याच्या सुनेने ती आणून दिली. वाचनाला मागच्या बाकावर एक आजोबा बसले होते, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले. पोक्याचं बोलणं सुरू झालं तसे ते मोठ्याने म्हणाले, "ह्यो तर आमच्या वाडयेतलोच!" मग हा लेखक कोकणाबाहेरचा कसा, ते तुम्हीच मला सांगा.

राहता राहिल्या शिव्या. मालवणात बसून शिव्यांवर आक्षेप घ्यायचा म्हणजे, गुरुजी, तुमच्या धाडसाला दाद देतो. पण मुद्दा शिव्यांचा नाहीच. पोक्या स्वतः बोलतो, आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून आपल्याला शहाण्या मराठीत समजावून सांगणारा लेखक मध्ये येत नाही. 'ही पोरं वाया गेलेली आहेत हं' असा डोळा तो आपल्याला मारत नाही. वाचणारा त्यामुळे अस्वस्थ होतो, आणि तो राग शिव्यांवर निघतो. मुलींसमोर वाचू नये म्हणालात. त्यांच्याबद्दल खाली लिहितो, कारण सगळ्यांत जास्त त्याच बोलल्या.

आणि कोकणातला लेखक हवा असेल, तर तुमच्याच तालुक्यातल्या काळसे गावात जन्मलेले सतीश काळसेकर घ्या. लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांच्या चळवळीतला हा कवी. त्यांना २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'वाचणाऱ्याची रोजनिशी'साठी, म्हणजे दुसऱ्यांची पुस्तकं वाचत राहण्याबद्दलच्या पुस्तकासाठी. आम्ही त्यांच्याच मागून चाललोय.

आता भजनी मंडळ. शब्द तुम्ही हिणवायला वापरलात, पण तुम्हीआम्ही डबलबारीच्या मुलखातले. एक बुवा गजर घेतो, समोरचा बुवा त्याच्यावर चढून उत्तर देतो, आणि लोक जागतात ते या झटापटीसाठी. आमचं वाचन असंच चालतं. 'वासूनाका' वाचून झाल्यावर बी.ए.ला असलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली की या पुस्तकात बायका फक्त नाक्यावरून दिसतात, तेवढ्याच. नाका ओलांडून घरी गेल्यावर त्यांचं काय होतं ते पोक्याला माहीत नाही आणि त्याला त्याची फिकीरही नाही. दुसरीने तिला खोडून काढलं: पोक्याला माहीत नाही हेच तर भाऊंनी दाखवलंय. तिसरीला दोघींचं पटलं नाही. रात्री दिवे गेले तरी वाद चालू होता. जयंती आम्ही करत नाही, हार घालत नाही, फोटोसुद्धा लावलेला नाही. लेखक थोर आहे हे गृहीत धरून कोणी येत नाही; उलट काहींना तो आवडतही नाही, तरी येतात.

बंडखोराला जपणं म्हणजे त्याला माणसाळवणं, असं तुम्ही लिहिलंत. इथे मी तुमच्याशी ठाम असहमत आहे. भाऊ आणि त्यांच्यासारखे बंडखोर लेखक पहिल्यापासून जपणाऱ्यांच्या जिवावरच जगले. 'शब्द' हे अनियतकालिक १९५४ मध्ये छापखान्याशिवाय, सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढून निघालं, मित्रांनी मित्रांसाठी. कवी अरुण कोलटकर १९५०च्या दशकापासून लिहीत होते आणि 'अरुण कोलटकरच्या कविता' आलं ते १९७७ मध्ये, अशोक शहाण्यांच्या 'प्रास' प्रकाशनाकडून. कवी मनोहर ओक १९९३ मध्ये गेले. त्यांच्या ऐंशी कविता चंद्रकांत पाटील आणि तुळसी परब यांनी पुस्तकात आणल्या. भाऊंच्या निवडक कथा दिलीप चित्र्यांनी संपादित केल्या. मोठ्या संस्थांनी दार उघडायची वाट बघितली असती तर यांतलं किती उरलं असतं? वाचकाने उचलून धरणं हा या लेखनाच्या जगण्याचा रोजचा मार्ग होता. आम्ही तो फक्त चालू ठेवलाय.

आणि 'जपणं' हे काम किती रटाळ आहे ते सांगतो, म्हणजे भक्तीचा संशय जाईल. आपल्या हवेत कागद टिकत नाही. पावसात पानं फुगतात, कसर लागते, वाळवी मागच्या भिंतीतून येते. अनियतकालिकांना तर पिना मारलेल्या. पिन गंजते, गंज पानात उतरतो आणि घडीपाशी अक्षरच खाऊन टाकतो. आम्ही पिना काढतो, कडक झालेल्यांना पातळ सुरी लावून, आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवतो. सेलोटेप अजिबात लावत नाही. ती पिवळी पडते आणि काढताना कागदाची साल घेऊन येते. ऑक्टोबरात पुस्तकांना हवा देतो, पण सावलीत, कारण थेट उन्हात कागद ठिसूळ होतो. या सगळ्यात बंडाचा वास कुठे येत असेल तर तो डांबरगोळ्यांखाली दबलेला आहे.

झेरॉक्सचं थोडक्यात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. भाऊ १९९६ मध्ये गेले, म्हणजे २०५६ संपेपर्यंत. ते आम्हाला मान्य आहे. जे पुस्तक दुकानात मिळतं ते विकत घ्यायचं, त्याची प्रत काढायची नाही. जे कुठेच विकत मिळत नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला स्वतःसाठी काढता येतात, कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे. आमच्या प्रती तशाच, वाचनालयामार्फत काढलेल्या आणि तिथल्याच कपाटात ठेवलेल्या आहेत. छापलेल्या पुस्तकातला वाजवी उतारा लोकांपुढे वाचायलाही तेच कलम मुभा देतं. व्हॉट्सॲपवर अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणाऱ्यांना आम्ही गटातून काढतो. एकाला काढलंय, तो अजून बोलत नाही.

पुढचं वाचन नारळी पौर्णिमेनंतरच्या शनिवारी, संध्याकाळी, त्याच वाचनालयात. भाऊंचीच कादंबरी, 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' घेतोय. तुमच्या विरोधात बोलायला ती बी.ए.वाली मुलगी तयारच आहे, तेव्हा पुस्तक आधी वाचून या. आणि पोटमाळ्यावर साठच्या दशकातल्या अनियतकालिकांच्या अंकांची चळत आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंत, ती येताना घेऊन या. पिना मात्र तुम्ही काढू नका.