ती वायर अंदाजाची नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘पाय सरळ करायच्या ऑपरेशनात डॉक्टर पायावर साधी वायर ताणून अंदाजे बघतात. कॉम्प्युटर नसेल तिथं ऑपरेशन करू नका. टेबलावर सरळ दिसलेला पाय उभं राहिल्यावर वेगळा दिसला, तर तुम्हाला फसवलं.’ मी मिरजेत ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन, चालवतो. हा मजकूर वाचून ठरलेलं ऑपरेशन पुढं ढकलणारे पेशंट बघितले, म्हणून लिहितोय.

या ऑपरेशनात गुडघ्याखाली नडगीचं हाड कापून फट उघडतात, पाय सरळ करतात आणि प्लेट-स्क्रूनं धरून ठेवतात. आधी वायर. सी-आर्मच्या एका चित्रात 9 ते 12 इंचांचाच भाग मावतो, अख्खा पाय कधीच दिसत नाही. म्हणून कॉटरीची (रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाची) निर्जंतुक वायर घेतात. तिचं एक टोक खुब्याच्या गोळ्याच्या मध्यावर आणि दुसरं घोट्याच्या मध्यावर धरतात. दोन्ही जागा एक्स-रेत बघून पक्क्या करतात, मग वायर ताणून गुडघ्याचं चित्र घेतात. आत धातू असल्यामुळं तिची सावली हाडावर स्पष्ट उमटते. ती सांध्याला जिथं छेदते, तिथून पायाचा भाराचा अक्ष, म्हणजे अंगाचा भार खाली नेणारी रेघ, जाते. गवंडी ओळंबा सोडतो तेव्हा त्याला कुणी अंदाज म्हणत नाही. शिवाय हे बघणं प्लेटचे स्क्रू पक्के होण्याआधी होतं. नडगीच्या हाडातली फट तेव्हा कमी-जास्त करता येते.

चूक होऊ शकते, ती दुसरीकडे. गुडघा किंचित वाकलेला असेल किंवा पाय आत-बाहेर वळलेला असेल, तर वायर खोटं सांगते. म्हणून वाटी नेमकी वर छताकडे आल्याशिवाय आमचे सर्जन मला बटण दाबू देत नाहीत. गुडघा चित्राच्या मधोमध हवा, हे बघणं माझं काम.

कॉम्प्युटर नॅव्हिगेशन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना कॉम्प्युटरनं पायाची रेघ मोजणं, चांगलं आहे, त्याची मदत होते. पण तेही खुबा आणि घोट्याचे मध्य धरूनच हाच अक्ष मोजतं.

उभं राहिल्यावर फरक पडतो, हे मात्र खरं. भूल दिलेल्या, आडव्या पायावर अंगाचा भार नसतो. लिगामेंट (सांध्याची हाडं बांधून ठेवणारे पट्टे) सैल असतील तर उभ्यानं सांधा एका बाजूला उघडतो. त्यासाठी बरेच सर्जन टाचेवर दाब देऊन वायर परत बघतात. आणि आतल्या बाजूनं झिजलेल्या गुडघ्यात अक्ष मुद्दामच मध्यापासून बाहेरच्या बाजूला नेतात. सांध्याच्या रुंदीच्या आतल्या कडेपासून सुमारे 62.5 टक्क्यांवर, ही जुनी प्रसिद्ध खूण. काही जण त्याच्या थोडं अलीकडे थांबतात. असा पाय घरच्यांना जरासा बाहेर गेलेला वाटतो. ती फसवणूक नव्हे, झिजलेल्या बाजूचा भार काढून घेतलेला असतो.

विचारायचंच असेल तर हे विचारा: ऑपरेशनआधी खुब्यापासून घोट्यापर्यंतची उभ्यानं काढलेली लांब फिल्म घेतली का, आणि हाड जुळल्यावर तशीच परत काढणार का? नुसत्या गुडघ्याच्या फिल्मवर हा हिशोब होत नाही.