गेम लावा, फिजिओ बंद करा? त्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल अडते ती) असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. थोडक्यात म्हणणं असं: घरी हालचालीचे व्हिडिओ गेम लावा, मेंदूतलं डॅमेज भरून निघतं, महिन्याभरात मूल चालायला लागतं, फिजिओ-स्प्लिंट-ऑपरेशन सगळं बंद, परदेशात सिद्ध झालंय आणि साइड इफेक्ट शून्य. मी लहान मुलांची फिजिओ आहे आणि स्वतः गेम वापरते, म्हणून लिहितेय. ‘धंदा बुडतोय म्हणून ओरडते’ म्हणणारे येतीलच, येऊ देत.

‘परदेशात सिद्ध झालंय.’ ज्यावरून हा सगळा गाजावाजा सुरू झाला त्यातला एक पेपर २००८ चा, ‘फिजिकल थेरपी’ या जर्नलमधला. त्यात मुलगा किती? एक. १३ वर्षांचा, दोन्ही पायांत कडकपणा असलेला, त्याला निन्टेन्डो वीवर (रिमोट हातात धरून, हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम) ११ सेशन दिली आणि तीही थेरपिस्टच्या देखरेखीखाली. उभं राहणं सुधारलं, कुबड्या घेऊन चालायचं अंतर वाढलं. कुबड्या घेऊनच, सुटल्या नाहीत! नंतर बरेच अभ्यास झाले, पण बहुतेक छोटे, आणि त्यातून दिसतं ते एवढंच की नेहमीच्या थेरपीच्या जोडीला गेम दिला तर काही मुलांचा तोल थोडा सुधारतो. हे कमी नाहीये, पण मेसेजमध्ये लिहिलंय ते हे नव्हे.

‘फिजिओची गरज नाही.’ आता इथे जरा थांबते कारण खरी गोम इथेच आहे. वीच्या रिमोटला मुख्यतः झटका कळतो. टेनिसच्या गेममध्ये खांद्यापासून हात फिरवला काय किंवा सोफ्यावर पडून मनगट हलवलं काय, त्याला दोन्ही सारखंच, आणि पोरं हुशार असतात, त्यांना हे पाचव्या मिनिटाला कळतं. एका बाजूची सीपी असलेलं मूल रिमोट चांगल्या हातात घेतं, सगळ्यांना हरवतं, घरचे टाळ्या वाजवतात, आणि ज्या हातासाठी गेम आणला तो पोटाशी मुडपून तसाच. मग आम्ही काय करतो, तर रिमोट अडलेल्या हाताला वेल्क्रोने बांधतो, नाहीतर दोन्ही हात लागतील असा गेम शोधतो. वीच्या बॅलन्स बोर्डचंही (ज्यावर उभं राहून खेळतात ती फळी) तेच, त्याच्या चार सेन्सरना वजन कुठे पडलं ते कळतं, कसं पडलं ते नाही. मूल टाच उचलून, कंबर मोडून, नुसतं डोकं एका बाजूला टाकून पॉइंट काढतं आणि स्क्रीनवर चांदण्या पडतात. आणि कायनेक्टसमोर (रिमोटशिवाय, कॅमेऱ्याने हालचाल टिपणारा गेम) आई पोराला मागून धरून उभी राहिली की कॅमेऱ्याला हात कुणाचा तेच कळेना होतं.

‘डॅमेज भरून निघतं.’ नाही निघत. मेंदूला झालेली इजा तशीच राहते. मूल शिकतं ते सरावाने, आणि ज्या कामाचा सराव कराल तेच काम सुधारतं. ग्लास धरायला शिकायचं असेल तर ग्लासच धरायला लागतो, बॉलिंगच्या स्कोअरने पाणी पिता येत नाही.

‘कुठल्याही मुलाला चालतं.’ जीएमएफसीएसच्या, म्हणजे मूल स्वतः किती हालचाल करू शकतं त्याच्या, पाच लेव्हल (पहिली सगळ्यात सौम्य, पाचवी सगळ्यात गंभीर) १९९७ पासून आहेत, तुमच्या फाइलवर लिहिलेली असेल, बघा. उभं राहून खेळायचे गेम मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या लेव्हलची मुलं खेळतात, तिसरीला आधार लागतो, चौथी-पाचवीच्या मुलाला बसवूनच सगळं बदलून द्यावं लागतं. साधारण तीनातलं एक सीपीचं मूल चालूच शकत नाही, त्याच्या आईला ‘महिन्याभरात’ असं सांगणाऱ्याला काय म्हणावं?

‘स्प्लिंट, ऑपरेशन बंद.’ याचा मात्र राग येतो. मूल वाढतं तशी हाडं वाढतात, कडक स्नायू मागे राहतात, खुबा हळूहळू सरकतो. एका मोठ्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात जवळपास ३५ टक्के मुलांचा खुबा सरकलेला निघाला, पाचव्या लेव्हलला ९० टक्के. सुरुवातीला दुखतही नाही, एक्स-रेशिवाय कळत नाही. सहा महिने गेमच्या भरवशावर एक्स-रे टाळला तर पुढचं ऑपरेशन मोठं होतं, वाचत नाही.

‘साइड इफेक्ट शून्य.’ चारातल्या एका सीपीच्या मुलाला फिट्स असतात, लुकलुकणारी स्क्रीन लावायच्या आधी न्यूरोलॉजिस्टना विचारा. आणि धडधाकट मोठ्या माणसाचा खांदा वी खेळून दुखावल्याचं २००७ लाच छापून आलंय, ‘वीआयटिस’ नावाने.

राहिला खर्च. वीचं उत्पादन २०१३ ला आणि कायनेक्टचं २०१७ ला थांबलं, म्हणजे मेसेजखाली नंबर देऊन जो ‘थेरपी किट’ विकतोय तो बहुधा सेकंडहँड माल विकतोय. घरी आधीच असेल तर वापरा ना, पोरं खूष होतात, ज्या मुलाला दहा वेळा हात वर कर म्हटलं की रडू येतं तेच गेममध्ये पन्नास वेळा करतं, मी रोज बघते. फक्त खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून तुमच्या थेरपिस्टला दाखवा. बाजूने काढा आणि पाय दिसू देत, चेहरा नाही आला तरी चालेल.