‘आपला जगज्जेता सोडून तुर्की पोराचं कौतुक कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुर्कस्तानचा किशोरवयीन बुद्धिबळपटू यागिझ कान एर्दोगमुश याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचे आक्षेप तीन: बारा वर्षांच्या मुलांना हल्ली ग्रँडमास्टर किताब वाटले जातात, लहान मुलांचं रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारे गुण) फुगतं, आणि तुर्कस्ताननं खेळाडू विकत आणून नाव कमावलं. वर, आपला गुकेश असताना परक्याचं कोडकौतुक कशाला, हा टोमणा.

किताबाचं आधी. ठरावीक लोक बोलावून नॉर्म (किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी) ‘जुळवायच्या’ बंदिस्त स्पर्धा होतात, हे खरंच आहे. पण यागिझचं काम पुरं झालं ते एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या ग्रेन्के ओपनला. युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या खुल्या स्पर्धांपैकी ही एक. पाच दिवसांत नऊ डाव, समोर कोण येणार ते जोडी लागल्यावरच कळतं. तेव्हा तो १२ वर्षं ९ महिने २९ दिवसांचा होता. आणि नॉर्मच मोजायचे तर आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखकडे एकही नव्हता. २०२५ चा महिला विश्वचषक जिंकल्यावर तिला किताब थेट मिळाला. तिच्या खेळात काही उणं आहे असं तुम्हीही म्हणणार नाही.

रेटिंगचा आक्षेप मात्र चुकीच्या माहितीवर उभा आहे. अठराच्या आतल्या खेळाडूंना ४० चा गुणक मिळतो, बरोबर (गुणक जितका मोठा, तितके एका डावात रेटिंगचे गुण जास्त वरखाली होतात). पण तो २३०० पर्यंतच. एकदा २४०० गाठलं की गुणक कायमचा १०, मग तुम्ही चौदा वर्षांचे असा की चाळीस. बरोबरीच्या रेटिंगवाल्याला हरवलं की पाच गुण. शंभर गुणांनी वरच्याला बरोबरीत रोखलं की जेमतेम दीड. म्हणजे २५०० वरून २६०० वर जायचं तर आपल्याच तोडीच्या लोकांविरुद्ध हारीपेक्षा वीस जास्त विजय हवेत. हा मुलगा चौदाव्या वर्षी २६०० च्या वर होता. यात फुगवायला जागा कुठे आहे?

आता ‘विकत आणलेले’. इपातोव्ह युक्रेनकडून स्पेनमार्गे आला आणि २०१२ मध्ये तुर्कस्तानसाठी ज्युनियर जगज्जेता झाला. शोलाक सर्बियाचा. इथवर तुमचं म्हणणं मान्य. पण यागिझ तुर्कस्तानातल्याच बुर्सा शहराचा, त्याच्याहून अडीच वर्षांनी मोठा एदिझ ग्युरेलही बुर्साचाच. सुआत अतालिक १९९४ मध्ये पहिला तुर्की ग्रँडमास्टर झाला. २००० आणि २०१२ ची बुद्धिबळ ऑलिम्पियाड इस्तंबूलला झाली, २००५ पासून इश बँक त्यांच्या महासंघामागे पैसा घेऊन उभी आहे. एवढी वर्षं मशागत झाल्यावर एकाच शहरातून दोन पोरं वर येतात, त्याला मी खरेदी म्हणत नाही.

आणि गुकेश. २०२५ च्या ग्रँड स्विस या मोठ्या स्पर्धेत समरकंदमध्ये तो सलग तीन डाव हरला, त्यातला तिसरा याच ग्युरेलकडून. पुढच्या फेरीत गुकेशला दिव्यानं बरोबरीत रोखलं. गुकेशवर मी भरपूर लिहिलंय, पुढेही लिहीन. पण त्याच्या पटासमोर कोण येऊन बसतंय हे न बघता त्याच्यावर लिहायचं कसं? (तो स्वतः बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला होता. तेव्हा ‘किताब वाटतात’ असं कोणी म्हटल्याचं आठवत नाही!)

तुमची एक शंका मला रास्त वाटते: ‘ही पोरं पुढे टिकतात का?’ चीनचा वेई यी पंधराव्या वर्षी २७०० पार गेला. इतक्या लहान वयात तोवर कोणीच गेलं नव्हतं. सगळ्यांनी त्याला भावी जगज्जेता ठरवून टाकलं. कँडिडेट्सचं (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेचं) दार त्याला उघडलं ते २०२५ मध्ये, आपल्या गोव्यातल्या विश्वचषकात, सव्विसाव्या वर्षी. आणि तिथेही अंतिम फेरीत तो उझबेकिस्तानच्या सिंदारोवकडून हरला. म्हणूनच यागिझ २७०० कधी गाठेल याचा अंदाज लेखात दिला नव्हता, आणि दोघा वाचकांनी विचारलं तरी आता देत नाही.