तत्काळ तिकिटाच्या 'एआय एजंट'बद्दल खुलासा

दोन दिवस एक मेसेज फिरतोय, "ही फाईल टाका, आयआरसीटीसीचा आयडी-पासवर्ड द्या, एआय एजंट तत्काळ तिकीट आपोआप काढेल, ओटीपीची पण गरज नाही." मंडळी, हे खरं नाहीये. मी स्वतः प्लेराइट, सेलेनियमवर (ब्राउझर आपोआप चालवणारी साधनं) असले एजंट, म्हणजे आपल्या वतीने वेबसाइटवर कामं करणारे प्रोग्राम, बनवतो म्हणून सांगतोय. लाईट बिलाच्या पीडीएफ उतरवणं, तोच तोच फॉर्म भरणं हे एजंट मस्त करतो, पण 15 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला आधारचा ओटीपी लागतो आणि तो येतो आधारला जोडलेल्या मोबाईलवर, त्यामुळे एजंटने नाव, वय, बर्थ सगळं झटक्यात भरलं तरी ओटीपीच्या चौकटीपाशी गाडी अडतेच, तो आकडा तुम्हालाच द्यावा लागतो. गणपतीला गावी जायचंय आणि तिकीट मिळत नाही ही तगमग कळते हो, पण म्हणून अनोळखी फाईलच्या हातात पासवर्ड देऊ नका. शिवाय परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा करणं रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली गुन्हा आहे. तर प्लीज हा मेसेज पुढे पाठवू नका, ज्यांनी पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, आणि कोणी ती फाईल इन्स्टॉल केली असेल तर ती काढून आजच पासवर्ड बदला.